खिशातली वायर

जीवनच्या गिटारला काळी वायर लावलेली असायची आणि त्या वायरचं दुसरं टोक त्याच्या पँटच्या खिशात असायचं. पाहुण्यांना वाटायचं, वायर मागच्या मोठ्या स्पीकरपर्यंत गेली आहे. ती कुठंच गेलेली नसायची. जीवन मान हलवायचा, पायानं ताल धरायचा, बोटं तारांवरून फिरायची, आणि त्याच्या गिटारचा आवाज त्याच्या स्वतःच्या पोटापलीकडे जायचा नाही.

मी रागिणी. अकोल्यात चंद्रभानभाऊंच्या ऑर्केस्ट्रात गाते. साक्षगंध म्हणजे साखरपुडा असो, हळद असो, लग्न असो, बोलावणं आलं की आम्ही हजर. माझा स्वभाव तापट आहे असं सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात, वऱ्हाडात, भरजरी साडी नेसून जनरेटरच्या धुरात दुपारभर गाऊन दाखवावं, मग आपण स्वभावाबद्दल बोलू.

तर हा जीवन. जठारपेठेत उत्तमरावांचं फुलांचं दुकान आहे, त्यांचा हा मुलगा. बाळापूरच्या रस्त्याला त्यांचा मळा. झेंडू, शेवंती, गुलाब घरचे, बाकीचं बाहेरून येतं. जीवन तिशी ओलांडलेला, अंगानं किडकिडीत, आणि बोलणं असं की त्याच्याकडून एक वाक्य काढायला आपण चार खर्च करावी लागतात. बोटं देठ खुडून खुडून कायमची हिरवट काळी झालेली. त्याच बोटांनी तो बेस वाजवायचा. बेस म्हणजे चार जाड तारांची मोठी गिटार. ती गाण्याच्या तळाशी असते, भाजीतल्या मिठासारखी. असते तेव्हा कोणी नाव घेत नाही, आणि नसली की लोक ताट सरकवतात.

मी त्या बेसवर गायलेली आहे, म्हणून सांगते. कोरोनाच्या आधी आमच्याकडे सगळे वाजवणारे होते. मी एखाद्या ओळीवर जास्त रेंगाळले तर मागून जीवन थांबायचा. मागं वळून बघावं लागायचं नाही. पाठीमागे कोणीतरी जागं आहे एवढं कळायचं, आणि गाणाऱ्याला दुसरं काय लागतं?

मग लग्नंच बंद पडली. वाजवणारे पांगले. कोणी मेडिकलच्या दुकानात लागला, कोणी गावी जाऊन शेती करू लागला. लग्नं पुन्हा सुरू झाली तेव्हा चंद्रभानभाऊंनी लॅपटॉप घेतला. ढोलक, बासरी, सनई, बेस, सगळं त्यात आधीच वाजवून ठेवलेलं. त्याला ट्रॅक म्हणतात. भाऊंचा मेहुणा नितेश मिक्सरपाशी बसतो आणि बटणं दाबतो. ट्रॅक कधी चुकत नाही, रुसत नाही, जेवायला मागत नाही. मी थांबले तर तो मात्र थांबत नाही, पुढं निघून जातो. मीच धावत जाऊन त्याला गाठते.

जीवनला मात्र भाऊंनी सोडलं नाही. नुसता लॅपटॉप ठेवला तर स्टेज विधवेच्या कपाळासारखं दिसतं, असं ते म्हणाले. (ही उपमा त्यांची. मी स्वतः विधवा आहे, हे ते बोलताना विसरले होते. मी त्यांना आठवण करून दिली.) गिटार घेतलेला एक माणूस फोटोत हवा होता. दुसरं कारण फुलांचं होतं. भाऊ काम घेतात ते एकगठ्ठा, स्टेज, फुलं आणि गाणी मिळून, आणि फुलं उत्तमरावांकडून. त्यांनी जीवनला बाजूला घेऊन गोड शब्दांत समजावलं होतं की तू उभा आहेस तोवर फुलं तुमची, तू गेलास तर फुलवाले अकोल्यात पुष्कळ आहेत. लग्नसराईत त्या दुकानाचं पोट याच कामावर चालायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. दुपारी स्वतःच्या हातांनी फुलांची कमान बांधायची आणि नंतर इस्त्रीचा शर्ट घालून त्याच कमानीमागे मुक्यासारखं उभं राहायचं.

आणि हे उत्तमरावांना ठाऊक नव्हतं.

ते प्रत्येक कार्यक्रमाला यायचे. कमान बांधून झाली की स्टेजमागे आपल्या टेम्पोत बसायचे आणि बेसच्या ठोक्यावर टेम्पोच्या दारावर हलकेच हात मारायचे. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला गजरा बांधून देता देता सांगायचे, "आमचा जीवन वाजवते म्हणून गाणं उभं राहते." एकदा माझ्यासमोरच सांगितलं. मी जीवनकडे पाहिलं. तो खाली मान घालून शेवंती ओवत होता. मला वाईट वाटलं की मी भांडण काढते. त्याला बाहेर गाठून म्हटलं, बापाला सांगत का नाहीस?

"काय सांगू ताई? फुलासाठी मुका उभा राहतो म्हणून सांगू? बाबायनं दुसऱ्या दिवशी फुलंच बंद केली असती. मंग घरात काय शिजवाचं?"

इकडे आड तिकडे विहीर असेल तर माणसाला उडी मार म्हणणारे आपण कोण?

गंमत पुढेच आहे. अशा मुक्या गिटारचा आवाज हा माणूस नीट करत बसायचा. कार्यक्रमाआधी स्टेजमागे फुलांच्या रिकाम्या क्रेटवर बसून, पेचकस घेऊन, गिटारच्या पोटावरचे स्क्रू पाव पाव फेरा फिरवायचा. एकदा माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, जिचा आवाजच येत नाही तिचा आवाज काय सुधारतोस? तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याशी लांबलचक बोलला. तारांच्या खाली एक काळी पट्टी असते, तिला पिकअप म्हणतात. तिच्यात लोहचुंबक असतं. तार हलली की ते हलणं पिकअप पकडतं आणि वायरीतून पुढं पाठवतं. पट्टी तारांच्या फार जवळ आणली तर आवाज दांडगा येतो, पण चुंबक तारेला ओढून धरतं. मग तार मोकळी हलत नाही, सूर डगमगतो आणि लवकर मरतो. पट्टी फार खाली नेली तर सूर मोकळा, पण तो पोचत नाही. जाड तारेकडची बाजू जराशी खाली ठेवायची, कारण ती आधीच दांडगी. बारीक तारेकडची जराशी वर. मापासाठी त्याच्याकडे एका जाड लग्नपत्रिकेची घडी होती. तार गिटारच्या मानेवरच्या शेवटच्या घरात दाबायची आणि मग तार नि पिकअप यांच्या मधून ती घडी अंग चोरून गेली पाहिजे.

मी म्हणाले, म्हणजे जवळ घेतलं की गळा धरतं आणि दूर ठेवलं की ऐकू येत नाही. तुझ्या घरासारखंच झालं की. तो हसला. मग म्हणाला की उद्या कोणी म्हटलं लाव वायर, तर आपलं सामान तयार पाहिजे.

असं म्हणणारा कोणी येईल असं मला वाटत नव्हतं. पण आला.

कुलदीप अमरावतीचा. त्याचं चार जणांचं पथक आहे. हॉटेलांत, कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवतात, बारा महिने हातात काम. लॅपटॉप स्टेजवर चढू द्यायचा नाही ही त्याची ऐट. त्याचा बेसवाला नोकरी धरून पुण्याला गेला, म्हणून त्यानं ओळखीपाळखीत चौकशी सुरू केली, तशी माझ्याकडेही केली. मी जीवनचं नाव सांगितलं. योगायोगानं अमरावतीला एक साक्षगंध होतं, गाणी आमची, आणि कुलदीप मुलीकडून पाहुणा. तो म्हणाला, तिथंच ऐकतो, जमला तर ठेवून घेतो. म्हणजे जीवन त्या कमानीमागून सुटला असता, आणि त्याच्या स्वतःच्या कमाईवर घरही भाऊंच्या मुठीतून सुटलं असतं. सगळं दोन गाण्यांवर आलं होतं.

मी भाऊंकडे गेले. दोन गाणी जीवनची वायर लावा, ट्रॅकमधला बेस काढा. भाऊ म्हणाले की वाजवायची सवय सुटलीय त्याची, पाहुण्यांसमोर घोटाळा झाला तर माझी फजिती. मी म्हणाले की त्या दिवशी माझा घसा बसणार आहे असं दिसतंय. भाऊ माझा घसा ओळखून आहेत. कबूल झाले.

आदल्या दिवशी मी गजरे न्यायला दुकानात गेले तर जीवननं गिटार टेबलावर उघडून ठेवली होती. उत्तमराव मळ्यात गेले होते. पिकअपखाली स्पंजचा तुकडा असतो. तो खालून पिकअपला वर लोटतो आणि वरून स्क्रू त्याला दाबून हव्या त्या उंचीवर धरतो. जुना स्पंज सडून त्याचा चिकट भुगा झाला होता. दुकानात बुकेसाठी हिरवा स्पंज असतो ना, ज्यात फुलांच्या दांड्या खोचतात, त्याचा एक कोरडा तुकडा जीवननं कापला आणि पिकअपखाली बसवला. मापात बसला. स्क्रू फिरवून त्यानं उंची लावली, पत्रिकेची घडी सरकवून बघितली आणि छोट्या स्पीकरच्या डब्याला वायर लावून वाजवलं. आवाज फरशीतून माझ्या तळव्यांना लागला. शेजारचा पानवाला डोकावून बघू लागला. किती वर्षांनी! जीवन हसत होता, आणि हसताना त्याचा एक दात वाकडा आहे हे मला तेव्हा कळलं.

साक्षगंध दुपारचं होतं, बडनेरा रस्त्यावरच्या एका लॉनवर. बापलेकांनी सकाळीच कमान बांधली. मग आम्ही आवाज तपासला. नितेशनं ट्रॅकमधला बेस बंद केला, जीवनचा वर घेतला. वायर मी माझ्या हातानं लावली. छोटा डबा जीवनच्या पायाशी होता, त्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून, आणि तिथून पुढं दुसरी वायर मिक्सरला. सगळं ठीक वाजलं. टेम्पोत उत्तमराव दारावर ताल धरून बसले होते, नेहमीसारखे.

पाहुणे आले. पहिलं गाणं सुरू झालं. कुलदीप जेवणाच्या टेबलांपाशी ताट घेऊन उभा होता, पाठ आमच्याकडे. पण त्याचा पाय हलत होता. मला बरं वाटलं, मी आवाज सोडला. दुसऱ्या कडव्याआधी सनईचा तुकडा येतो तेव्हा मी मागं वळून बघितलं.

जीवनचा हात हवेत होता. तारांपासून वीतभर वर, तसाच धरलेला. आणि बेस वाजत होता.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याच्या पायाशी असलेल्या डब्यातून काही येत नव्हतं. मोठ्या स्पीकरमधून मात्र धम् धम् चाललं होतं, अगदी घड्याळासारखं. भाऊंनी कार्यक्रम सुरू होताच नितेशला खूण करून ट्रॅकचा बेस पुन्हा चालू केला होता आणि जीवनचा उतरवला होता. जीवनचा डबा नीट वाजत राहिला असता तर त्याला शेवटपर्यंत पत्ता लागला नसता. त्याला वाटलं असतं, आपणच वाजलो. डबा मुका झाला म्हणून त्यानं हात उचलून बघितला.

समोर फोटोवाला आला. जीवननं हात खाली घेतला, तारांवर ठेवला आणि मान हलवायला लागला. दुसरं गाणंही त्यानं तसंच काढलं. मी कडवं विसरले नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

गाणी संपल्यावर कुलदीप स्टेजमागे आला. उत्तमराव तिथंच रिकामे क्रेट रचत होते. कुलदीपनं जीवनच्या पाठीवर थाप मारली. "काय हात हाय यार तुया. घड्याळ लावून घ्यावं असा. पुढच्या महिन्यापासून ये तू." उत्तमरावांनी क्रेट खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि ते कुलदीपसमोर येऊन उभे राहिले. नुसते उभे राहिले, आपला मुलगा आहे हे दिसावं म्हणून. भाऊही आले आणि आमचाच माणूस म्हणून हसू लागले.

दार उघडं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. मी मनात ओरडत होते, हो म्हण, मूर्खा, नंतरचं नंतर बघू, तिथं गेल्यावर हात येतो आपोआप.

जीवन कुलदीपशी बोलत होता, पण बघत होता बापाकडे. "ते मी नोतो. लॅपटॉप होता." कुलदीप हसला. त्याला वाटलं, पोरगं लाजतंय. जीवन म्हणाला, "आजच नाही. लय वर्षांपासून नाही. माही वायर खिशात असते."

भाऊंचं हसू गेलं. उत्तमरावांनी विचारलं, "मंग मी टेम्पोत बसून काय ऐकत होतो?"

भाऊ सांगू लागले की पोराची फजिती होऊ नये म्हणून ट्रॅक ठेवला, त्याच्याच भल्यासाठी. फुलांच्या धमकीसकट सगळं काढून मी भाऊंना जे बोलले ते कोणाच्या साक्षगंधात बोलू नये असं होतं. त्यात एकही शिवी नव्हती, तरी वरमाय वळून बघू लागली.

कुलदीप सरळ माणूस. म्हणाला, ठीक आहे, मग आता वाजव. जीवननं डब्याला वायर लावली. डास गुणगुणावा एवढा आवाज आला. त्यानं पेचकस काढला, स्क्रू फिरवला, पण पिकअप वर येईना. खोबणीत बसून राहिलं होतं. त्यानं सगळे स्क्रू काढून ते उचललं, तेव्हा हिरवी पूड त्याच्या गुडघ्यावर सांडली.

उत्तमरावांनी वाकून ती पूड चिमटीत घेतली. त्यांना ओळख पटायला वेळ लागला नाही. "हे आपल्या दुकानातलं. अरे, हे दाबलं का दबूनच राहते. वापस उठत नाही. दिवसभर बुके बांधते आन् तुले एवढं ठाव नाही?"

ठाऊक होतं. त्या दुकानातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की या स्पंजात एकदा दांडी खोचली की भोक तसंच राहतं. पण हाताशी होतं म्हणून घेतलं, आणि गिटारखाली तेच काम उलटं लागतं हे त्याच्या ध्यानात आलं नाही. वाजवताना अंगठा पिकअपवर टेकतो. दाब पडत गेला, स्पंज चुरत गेला आणि पिकअप गाण्याबरोबर खाली गेलं. आदल्या दिवशी दुकानात थोडंसंच वाजवून बघितलं होतं, म्हणून तेव्हा हे कळलं नाही.

उत्तमरावांनी पायातली स्लिपर काढली. फुलं कापायच्या कटरनं तिच्या टाचेचे दोन तुकडे कापले. "हे लाव. मायं सारं वजन हिच्यावर असते, तरी उठते." जीवन नको म्हणत होता. त्यांनी तुकडे त्याच्या हातात कोंबले आणि तापलेल्या फरशीवर एक पाय अनवाणी ठेवून उभे राहिले. मी ओलं पोतं पुढं सरकवलं. त्यावर उभे राहिले नाहीत.

जीवननं तुकडे बसवले, उंची लावली, पत्रिका सरकवून बघितली आणि वाजवलं. चांगलं वाजवलं असं मी म्हणणार नाही. आवाज येत नाही म्हणून तो इतकी वर्षं तारांवर जोर काढत आला होता, तो जोर आता डब्यातून बाहेर पडत होता. ताल पुढं पळाला. दोन ठिकाणी चुकला. मला राहवलं नाही, मी हळू चालीचं एक गाणं गुणगुणायला सुरुवात केली. तो माझ्यामागे आला. आणि मी श्वास घेतला तिथं तो थांबला. आधी जसा थांबायचा तसा.

कुलदीपनं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाला की आज नाही जमत, हात जड झालाय, पण थांबतो बरोबर, आणि ते शिकवून येत नाही. दिवाळीनंतर पुन्हा ऐकतो. जागा तोवर रिकामी राहीलच असं नाही. इतकं बोलून तो गेला.

परतीला मी टेम्पोतच बसले, भाऊंच्या गाडीत बसायचं नव्हतं म्हणून. मूर्तिजापूरला उत्तमराव पाणी घ्यायला उतरले तेव्हा मी जीवनला धारेवर धरलं. हात दाखवून अवलक्षण कोणी करायला सांगितलं होतं? खरं बोलायची ही वेळ होती का? मला त्याचा खरंच राग आला होता, भाऊंपेक्षा जास्त. तो म्हणाला, "ताई, बाबा तिथं उभे होते ना." उत्तमराव पाण्याच्या बाटल्या घेऊन येत होते, एका पायानं लंगडल्यासारखे, अर्ध्या चपलेवर.

त्यानंतरचं काम अकोल्यातच होतं, मोठ्या घरचं लग्न. भाऊंनी आधीच सांगून ठेवलं, झालं ते झालं, आता नेहमीसारखं. दुकानाकडे आगाऊ सांगून आणवलेल्या फुलांचे ढीग पडले होते. नाही म्हणणार कसा? जीवन इस्त्रीचा शर्ट घालून आला, गिटार गळ्यात घातली आणि वायरचं टोक खिशात घातलं. मी बघत होते. जाऊन त्याला गदागदा हलवावं असं वाटलं, आणि हेही कळत होतं की हलवून काही होणार नाही. तो कुठं जाणार होता?

कमान अर्धी झाली होती. डावी बाजू झेंडूनं भरलेली, उजवीकडे नुसत्या लोखंडी पट्ट्या. नवरदेवाची वरात चौकापर्यंत आल्याचा फोन आला. उत्तमराव शिडीवर होते. त्यांनी वरून जीवनकडे पाहिलं, त्याच्या खिशाकडे पाहिलं. मग सावकाश खाली उतरले, क्रेट पालथा घातला आणि त्यावर बसले. पायात तीच चप्पल होती, टाच कापलेली.

भाऊ धावत आले. काय झालं, चक्कर आली का, पाणी आणू का? उत्तमराव म्हणाले, "वायर लागली का फुलं लागतील."

भाऊंना वाटलं, चेष्टा आहे. मग त्यांनी हात जोडले. मग आवाज चढवला, दुसरा फुलवाला आणतो म्हणाले. त्या तिथीला, त्या वेळेला, अख्ख्या अकोल्यात मोकळा फुलवाला कोण असणार, हे बोलता बोलता त्यांच्याच लक्षात आलं. वाजंत्री जवळ आली होती. जीवन बापाजवळ येऊन बसला आणि राहू द्या म्हणाला.

"तू गप," उत्तमराव म्हणाले. "माया फुलासाठी तुयं तोंड बंद होतं ना? मंग आता माही फुलं बंद."

शेवटी नितेशच उठला. त्यानं जीवनच्या खिशातून वायर ओढून काढली. तिच्याबरोबर झेंडूची एक सुकलेली पाकळी आणि खिशातला भुगा निघाला. पिन फुंकून साफ केली, लावली आणि ट्रॅकमधला बेस बंद केला. जीवननं दोन सूर वाजवले. स्पीकरमधून आले. उत्तमरावांचा मात्र आता कोणावर भरवसा उरला नव्हता. त्यांनी जीवनला वाजवत राहायला सांगितलं, आणि वाजत असतानाच म्हणाले, "हात उचल."

जीवननं हात उचलला. बेस थांबला.

"बांधतो," म्हणून ते शिडीवर चढले.

दिवाळीनंतर कुलदीपकडे काय होईल, मला माहीत नाही. भाऊ पुढच्या सराईला फुलं कोणाकडून घेतील, तेही माहीत नाही. त्या लग्नात जीवन तीनदा चुकला आणि एकदा मी चुकले, कारण त्याच्या थांबण्याची सवय मला राहिली नव्हती. दोन गाण्यांच्या मध्ये उत्तमराव टेम्पोतून उतरून स्टेजच्या कडेला आले. मला वाटलं, शाबासकी द्यायला आले.

"ते बारीक तार कमी येऊन राहिली," ते म्हणाले.

जीवननं खिशात हात घातला. आता तिथं पेचकस होता. त्यानं बारीक तारेकडचा स्क्रू पाव फेरा फिरवला आणि बापाकडे पाहत ती तार वाजवली.